उपग्रहाला दिसलेलं वावर

धुळ्याच्या आमच्या कार्यालयात उपग्रहाची चित्रं पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यातून यायची. नळकांडं उघडायचा मान साहेबांचा. ते झाकण काढत, चित्र टेबलावर पसरत, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवत आणि म्हणत, "आता सातपुड्यात कोणी फांदी तोडली तरी आपल्याला खुर्चीत बसून कळणार." चित्रात फांदीच काय, अख्खं गाव टाचणीच्या डोक्याएवढं दिसायचं. तरी आम्ही माना डोलवायचो. सगळ्यांत जास्त मी.

मी मूळचा आरेखक. उत्तरेत कुठेतरी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. तेवढ्या बळावर, खाली ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलाशी बसून, भिंगातून बघत, ट्रेसिंग पेपरवर धुळे-जळगावचं जंगल आखत होतो. या चित्रांत हिरवं ते लाल दिसतं. पानं जितकी तजेलदार, तितका लाल गडद. एवढी एकच गोष्ट साहेबांना ठाऊक होती आणि तेवढ्यावर ते निवृत्तीपर्यंत तज्ज्ञ म्हणून मिरवले.

पहिल्याच वर्षी रावेर-यावलचा सगळा पट्टा चित्रात रक्तासारखा लाल आला. साहेब हरखले. "एवढं घनदाट जंगल आपल्याकडे आहे, आणि कोणाला पत्ता नाही!"

"साहेब, त्या केळी आहेत," मी म्हणालो.

"पानं आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

जळगावचा माणूस केळीला जंगल म्हणाला असता तर त्याच्या बायकोनेही त्याला घरात घेतलं नसतं. साहेब जळगावचे नव्हते. त्यांना समजवायला मला दोन दिवस लागले. भिंग त्यांच्या हातात देऊन मी दाखवलं, की जंगल चित्रात घोंगडीसारखं खरबरीत दिसतं आणि पीक इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत. पिकाची कड सरळ असते, जंगलाची नसते. हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं म्हणायची सोय मला राहिलेली नाही.

नकाशा आखून झाला, की त्यातल्या ठरावीक जागी जाऊन खाली खरोखर काय आहे ते बघायचं, असा नियम होता. फॉर्मवर एक रकाना असायचा: 'प्रत्यक्ष पाहिले / दुरून पाहिले'. हा दौरा आमच्याकडे दर वर्षी ऐन थंडीत निघे. विज्ञानाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. थंडीत वांगी चांगली येतात, म्हणून. यावलकडच्या एका बागाईतदाराच्या मळ्यात कपाशीच्या वाळल्या काट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात, भरीत होई, केळीच्या पानावर पुऱ्या पडत, आणि साहेब पानावरून मान वर करून उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्याकडे बघत. ते झालं 'दुरून पाहिले'. दुसऱ्या दिवशी जीप डोंगराकडे जाई आणि रस्ता संपला की थांबे. आमचा ड्रायव्हर पाचोऱ्याचा. तो इंजिन बंद करून ओरडे, "उतरा भाऊसाहेब, जीपनं जंगल संपनं!" सगळे हसत. मीही हसे. उरलेल्या जागांचे फॉर्म मग विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून भरले जात. भरायचं काम माझ्याकडे.

परवा एका तरुण अधिकाऱ्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की आता विमानातून लेसरचे किरण सोडून झाडाझाडाची उंची मोजता येते. येत असेल. मी त्याला विचारलं, "आणि फॉर्म कोण भरतं?" त्याला प्रश्न कळला नाही. चांगला मुलगा आहे.

अशाच एका थंडीत चोपड्याच्या वरच्या अंगाला, नाल्यापलीकडच्या एका पठारावरची जागा तपासायची होती. जीप थांबली तिथून दोन तासांची चढण. चित्रात तिथे मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका होता. भिंगाखाली धरला तर गुळगुळीत. एक कड पट्टीने ओढल्यासारखी. उभी तूर असणार, हे मला आखतानाच कळलं होतं. साहेबांना मात्र त्या वर्षी जंगल घटलेलं नको होतं. वरून विचारणा झाली असती. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी म्हणालो, "साहेब, हा ठिपका पिकाचा वाटतो. उद्या चढून जाऊन येऊ का?"

"वाटतो म्हणजे? लाल आहे ना? लिहा, मध्यम घन वन."

मी लिहिलं. 'दुरून' हा शब्द खोडला आणि 'प्रत्यक्ष' तसाच ठेवला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. उद्या चढायचं नाही, याचा मला आनंदच झाला होता.

चार-पाच वर्षांनी तो फॉर्म मला परत भेटला. जंगलातली जमीन ठरावीक सालाच्या आधीपासून कसत असेल, तर ती कसणाऱ्याच्या नावे करायची, असं सरकारने ठरवलं होतं. तालुक्याला सुनावण्या लागल्या. त्या पठारावरच्या एका म्हाताऱ्याचा अर्ज होता. पावरा समाजाचा, सत्तरीचा, अंगात धुवट बंडी. बापाच्या हातचं वावर, त्याच्यावर त्याची आणि दोन भावांची घरं चालायची. आमच्या खात्याचं म्हणणं एवढंच: ठरलेलं साल उलटून गेल्यावरच्या चित्रातही इथे जंगल आहे, अर्थात वावर त्यानंतर झाडं तोडून काढलेलं आहे. पुरावा माझा नकाशा, आणि तो समजावून सांगायला मी.

म्हाताऱ्याला नकाशा दाखवण्यात आला. त्याने तो आधी उलटा धरला, मग कारकुनाने सरळ करून दिला. बराच वेळ बघून तो अहिराणीत म्हणाला, "सायेब, हाई जंगल नही शे. मन्हा बापनं वावर शे. बांधना दगड दखा, बठ्ठा जुना शेतस."

सुनावणी घेणारा अधिकारी म्हणाला, "बाबा, हे आकाशातून काढलेलं चित्र आहे. ते खोटं बोलत नाही."

"वरतून काय दखतस? खाले उतरीसन दखा ना!"

खोलीत हशा पिकला. अधिकारीही हसला आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही तपासणी केली होती ना? स्वतः गेला होतात?"

त्या क्षणी 'नाही' म्हणालो असतो, तर काय झालं असतं? चौकशी झाली असती, एखादी वेतनवाढ थांबली असती, साहेबांनी माझी बदली कुठेतरी केली असती. म्हाताऱ्याचं वावर मात्र राहिलं असतं. हा हिशोब खोलीत बसल्या बसल्याच मला स्पष्ट दिसला.

"हो," मी म्हणालो. "प्रत्यक्ष गेलो होतो."

अर्ज फेटाळला गेला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी उभा होतो. म्हातारा माझ्यापाशी आला. शिव्या देईल असं वाटलं, मी तयारीत होतो. त्याने विचारलं, "कोणती वाटनी उनात भाऊ? नालाकडनी का टेकडीकडनी?"

"टेकडीकडून," मी म्हणालो.

"मंग मन्हा घरवरथीनच गयात तुम्ही. हाक मारी लेवानी ना. पानी तरी पी जातात."

तो टोमणा नव्हता. आलेला माणूस दारावरून पाणी न पिता गेला, याची त्याला खरोखर रुखरुख लागली होती. माझं बोलणं त्याने खरं धरलं होतं. त्या आवारात माझ्यावर इतका विश्वास ठेवणारा तो एकटाच होता. मी पैसे टेबलावर ठेवले आणि चहा तसाच टाकून जीपमध्ये जाऊन बसलो.

पावसाळ्याआधी खात्याने ती जमीन ताब्यात घेतली. चर खणले, सागाची रोपं लावली. पाणी घालायला कोणी चढत नव्हतं, त्यामुळे दिवाळीपर्यंत रोपं वाळली. म्हातारा भावांसकट गुजरातेत ऊसतोडीला गेला असं वनरक्षकाकडून कळलं. त्या वयात तो तिथे काय तोडत असेल, हे मी विचारलं नाही.

त्या वर्षीची चित्रं आली. साहेबांनी झाकण काढलं, पेपरवेट ठेवले. मी पठार शोधलं. लाल ठिपका नव्हता. जागा करडी-निळी, उघडी. नियमाप्रमाणे जंगल घटल्याची नोंद करायची आणि समोर कारण लिहायचं होतं. तिथे कधी जंगल नव्हतंच, आणि जे हिरवं होतं ते आम्हीच उठवलं, हे लिहायला त्या रकान्यात जागा पुरेशी होती.

"काय झालं? थांबलात का?" साहेब म्हणाले. "जंगल गेलं म्हणजे कोणीतरी तोडलंच असणार. लिहा."

मी 'अतिक्रमण' असं लिहिलं आणि खाली सही केली.