जावईबापू पोलिसात गेले

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघरात एका पिशवीत बाकीच्या पिशव्या साठत जातात ना, तसे ते साठतात. आमच्या जावईबापूंनी नोकरी बदलली आणि आमची पिशवी फुगतच चालली.

जावईबापू म्हणजे विलासराव. गाव कागल, कोल्हापूरच्याही खाली. मी इथे इंग्लंडात, रीडिंग गावात लेकीकडे, वैशालीकडे राहते. विलासराव मोबाईलच्या कंपनीत हेल्पलाइनवर होते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि गोड बोलायचं. चाळिशी उलटली आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "मी पोलिसात जातोय."

वैशालीचा भात वाढता हात तसाच राहिला. "प्रोबेशन किती?"

"दोन वर्षं."

"मग माझ्याकडचंही दोन वर्षं समज. पक्का झालास तर झालास. नाही तर गुपचूप परत हेडफोन घालायचा."

कागलला फोन लावला. त्यांच्या आईंना केवढा आनंद. "बरं झालं बाबा. त्या शंकऱ्यानं परत आपला बांध कोरलाय. तिथनंच एक फोन टाक की त्याला."

"आई, मी इंग्लंडचा पोलीस हाय."

"मग तर लईच भिईल."

*

हेल्पलाइनची सवय काही सुटेना. पहिला चोर पकडला तो सुपरमार्केटातून कोटात चीज भरून निघालेला. विलासरावांनी नियमाप्रमाणे त्याला त्याचे हक्क ऐकवले, बेड्या घातल्या, गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि विचारलं, "आणखी काही मदत करू शकतो का?"

चोर म्हणाला, "हो, मला सोडा."

"सॉरी, ते आमच्या डिपार्टमेंटकडे येत नाही."

पुढच्या सीटवर त्यांच्या सार्जंटबाई होत्या. विलासरावांना पक्कं करायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. त्यांनी नुसती मान वळवून बघितलं.

*

एकदा फुटबॉलची मॅच सुटली आणि सगळी गर्दी रस्त्यावर आली. सार्जंटबाईंचा भोंगा ऐन वेळी बंद पडला. त्या ओरडून दमल्या, पण कोण ऐकतंय? मग विलासरावांनी तोंडाला हात लावून एक हाळी दिली. सगळा घोळका मुकाट फुटपाथवर चढला.

"काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"म्हशी वळवताना आम्ही म्हणतो ते."

*

मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो. विलासराव ड्यूटीवरून तसेच, युनिफॉर्ममध्ये आले. आरती ऐन रंगात होती. त्यांना दारात बघितलं मात्र, एकेकजण टाळ्या वाजवतच मागच्या दाराकडे सरकायला लागला. पुण्याचे जोशी गेले, नागपूरचे डॉक्टर गेले. शेवटी तबक हातात घेतलेले गुरुजीसुद्धा "आलोच" म्हणून गेले.

सगळ्यांच्या गाड्या बाहेर डबल यलो लाइनवर, पार्किंगला सक्त मनाई तिथेच होत्या.

हॉलमध्ये गणपती, मी आणि जावईबापू. ते म्हणाले, "आई, मी मोदकासाठी आलो होतो हो."

*

दोन वर्षं संपत आली. सार्जंटबाईंना विलासरावांचं काम आवडायचं, पण एका गोष्टीनं त्या टेकीला आल्या होत्या. कुणाच्याही घरी गेलं की हे दारात बूट काढून ठेवायचे. लहानपणी चपलेसकट उंबरा ओलांडला की आईचं उलथनं यायचं, ते अंगात भिनलेलं. बाईंनी निक्षून सांगितलं, "पोलीस मोज्यांवर उभा राहत नाही. पुन्हा बूट निघाले तर मी तुला पास करणार नाही." इकडे वैशालीनं जुन्या ऑफिसात जागा आहे का, ते विचारूनही ठेवलं.

शेवटच्याच आठवड्यात गाड्या चोरणाऱ्या एकाला पकडायला दोघं गेले. त्याच्या आईनं दार उघडलं. "वर आहे," म्हणाली. आत पांढरंशुभ्र कार्पेट. बाई फाटकाशी वायरलेसवर बोलत राहिल्या आणि विलासराव आत गेले. अर्धा जिना चढल्यावर त्यांना पायांखाली मऊ मऊ लागलं. खाली बघतात तर मोजे. एकाला भोक.

"आई, चोर राहिला बाजूला," ते मला म्हणाले, "माझ्या डोळ्यांपुढं हेडफोनच आला."

तेवढ्यात चोर वरून सुटला, यांना ढकलून खाली धावला. तोही अनवाणी, आणि बाहेर सगळी खडी. दारात दिसले त्या बुटांत त्यानं पाय कोंबले आणि पळाला. जावईबापूंचा पाय म्हणजे होडी. चोर अगदीच चिमणा. त्यात लेस सुटलेल्या. फाटकापर्यंत कसाबसा गेला आणि सार्जंटबाईंच्या पायाशी पालथा पडला. बाईंनी वाकून बेड्या घातल्या, एवढंच काम.

मागोमाग विलासराव मोज्यांवर बाहेर आले. बाईंनी आधी चोराच्या पायांकडे बघितलं, मग यांच्या. निकाल शुक्रवारी लागायचा होता. त्या दोन रात्री आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

शुक्रवारी बाईंनी यांना बोलावून पक्के झाल्याचं सांगितलं. वैशालीनं शिरा केला आणि जुन्या ऑफिसला नको म्हणून कळवलं.

पुढच्या आठवड्यात दोघं आणखी एकाला पकडायला गेले. दार उघडलं. विलासराव शहाणे झालेले, लेस घट्ट आवळून सरळ आत निघाले. मागून बाईंनी त्यांचा दंड धरला.

"थांब," म्हणाल्या, "आधी बूट काढ."