हवालदारीणबाईंची सायकल

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला तेव्हाही कळलं नाही, म्हणून कानाला लागेल तसं लिहिलं आहे. अक्षरही चांगलं नाही. ओळ वर सुरू होते आणि उताराला लागल्यासारखी खाली जाते. वही नातीची आहे, तिच्या उरलेल्या पानांवर लिहिते. कुणाला दाखवायचं नाही, पण चुकून कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव हवालदारीणबाई म्हणायचं, मी आक्का म्हणायची. त्या आता नाहीत. सायकलीशिवाय घराबाहेर न पडणारी आणि तरी दोन वर्षं सायकलीवर न बसलेली बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे आक्का. दळण असो, बाजार असो, शेजारच्या आळीतलं बारसं असो, आक्का नऊवारीचा काष्टा घट्ट मारून हातात सायकल धरून चालत जायच्या. पुढे कुणी आडवं आलं तर चालता चालताच घंटी वाजवायच्या. माणसं बाजूला व्हायची आणि मग त्यांच्या लक्षात यायचं, की बाई तर पायी आहे.

थोरले भाऊजी फौजेत हवालदार होते. दुष्काळ सरला त्या साली ते सुट्टीवर आले तेव्हा साताऱ्याहून एक जुनी, काळी, मजबूत सायकल घेऊन आले. सुट्टी संपल्यावर ते सीमेवर गेले आणि सायकल आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात राहिली. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांनी त्या सायकलीला लेकाच्या जागी धरलं. दिवेलागणीला सायकलीकडे बघून हात जोडायच्या. मी धाकटी सून, नवीन आलेली. थोरल्या दिरांपुढे डोक्यावर पदर घ्यायचा असं माहेरी शिकवलेलं, म्हणून मी सोप्यातून जाताना सायकलीपुढेही पदर घ्यायची. एकदा आक्कांनी ते पाहिलं.

"अगं, घंटी वाजवंल तवा घे," त्या म्हणाल्या. "गप हाय तवर जा तशीच."

त्या घरात माझ्याशी हसून बोललेलं ते पहिलं वाक्य.

घरात दोन म्हशी होत्या. दूध अडीच कोसावरच्या रहिमतपूरला, डेअरीची गाडी यायच्या आत पोचवावं लागे. ते काम आमच्या घरच्यांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे होतं. भावाची सायकल ती आपलीच, असं त्यांचं म्हणणं. दूध पूर्ण जायचं, पण पैसे स्टँडवरच्या हॉटेलात भजी खाऊन निम्मे परत यायचे. एके दिवशी वाटेत सावली बरी दिसली म्हणून ते वडाखाली आडवे झाले आणि जागे झाले तेव्हा दूध नासलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी आक्का उठल्या, किटल्या सायकलीला लटकावल्या आणि दारात आल्या. दारात आत्याबाई उभ्या.

"नवऱ्याची सायकल हाय ती. तिच्यावर टांग टाकायची म्हंजी त्याच्या खांद्यावर पाय देण्यागत हाय."

"मग दिरांनी बसल्यालं चालतं व्हय?"

"भाऊ भावाच्या खांद्यावर बसतोच की. बायकू बसती का कुठं?"

आक्कांनी जरा विचार केला. "बरं, बसत न्हाई," असं म्हणाल्या आणि सायकल ढकलत निघाल्या.

त्या दोन वर्षं तशाच जात राहिल्या. जाताना दोन किटल्या, येताना पेंडीचं पोतं, आणि सायकल हातात. गाडी एकदाही चुकली नाही. देवळाच्या पारावर बसणारी म्हातारी मंडळी रोज विचारायची, "हवालदारीणबाई, बसत का न्हाई वर?" आक्का न थांबता सांगायच्या, "सायकल हवालदारांची हाय. मी निस्ती फिरवून आणतीया." जशी काही ती म्हैसच होती. पारावरच्यांना हे उत्तर पटायचं. बाईनं सायकल ढकलावी यात गावाला काहीच वावगं वाटत नव्हतं. बसली असती तर मात्र गाव बुडालं असतं.

रहिमतपूरला एका चाचांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आक्का हवा भरायला जायच्या. चाचांनी एकदा सायकल उलटी करून बघितली आणि ते डोक्याला हात लावून बसले.

"भाभी, टायर म्हातारं झालंय आनि मी वरसामागं बसवल्यालं पायडल अजून नवरीवानी कोरं. ह्ये कसं काय?"

"पायडलला पाय लावायचा न्हाई, सासूबाईंनी सांगितलंय."

"मग ते काढून तरी ठेवा. चोरीला जायचं उगा."

आणि मग तो उतार आला. उतार तिथे आधीपासूनच होता, गावाच्या अलीकडे खिंडीतून खाली येणारा. त्या दिवशी पेंडीचं पोतं जड होतं आणि मागून वारं. सायकल पळायला लागली, आक्का तिच्याबरोबर पळायला लागल्या. सायकल सोडावी तर पोतं फुटणार. त्यांनी एक पाय कुठे तरी टेकवला, तो पायडलवर टेकला, आणि पुढचं त्यांनाही नीट सांगता येत नसे. पारावरच्या मंडळींनी एवढंच पाहिलं, की हवालदारीणबाई सायकलीवर ताठ बसून, घंटी वाजवत, वाऱ्यासारख्या समोरून गेल्या. सगळे उठून उभे राहिले. ब्रेक कुठे असतो ते आक्कांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या आमच्या घरावरून पुढे गेल्या, आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत, आणि कडब्याच्या गंजीत शिरल्या. आम्ही त्यांना बाहेर ओढलं तेव्हा डोक्याला कडबा, कोपर फुटलेलं, आणि तोंडावर असं हसू, की मी तसं कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"मी बसले न्हाई, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "सायकलच खालनं आली."

आत्याबाईंनी दोन दिवस भाकरी खाल्ली नाही. लेक सीमेवर, आणि इकडे त्याच्या खांद्यावर पाय पडला. आमच्या घरच्यांनी संधी साधली. "वैनीचा काय भरवसा न्हाई, सायकल माझ्या ताब्यात द्या," म्हणाले. गावातले तंटे सोडवणारे सुभेदारमामा आले. फौजेतून निवृत्त होऊन ते बैलांची दलाली करायचे. त्यांनी निकाल दिला, की खंडेनवमीला हवालदार सुट्टीवर येणार आहेत, तेव्हा मालकच ठरवतील. तोवर सायकल जप्त. मग ती गोठ्यात म्हशीच्या शेजारी दाव्यानं बांधून ठेवली. म्हैस तिला चाटायची.

त्या दिवसांत आक्का घरीच असायच्या. एकदा चुलीपुढे बसल्या असताना त्या माझ्याशी हळूच बोलल्या. "दोन वरसं रोज रस्ता बघितला, माणसं बघितली, चार बायकांशी बोलले. आता ह्यो धूर बघायचा व्हय गं जलमभर?" मी तेव्हा कधीच काही बोलत नसे. पण मला कळलं, की सायकल गेली तर आक्काही यातून उठायच्या नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतात. नांगर, कोयता, विळा, सगळं धुऊन मांडलं. भाऊजींनी सायकलही धुतली, हार घातला. सोप्यात सगळे जमले. सुभेदारमामांनी विषय काढला. भाऊजी कमी बोलायचे. ते काही म्हणणार, तेवढ्यात माजघराच्या दारातून आक्का म्हणाल्या,

"मामा, त्यांची हाय म्हणून पाय लावता येत न्हाई ना? मग मी ती इकत घेते. माझ्या वस्तूला माझा पाय लागला तर कुणाचं काय जातंय?"

आत्याबाईंनाही यात चूक कुठे आहे ते सापडेना. मामा म्हणाले, "पर येव्हार म्हंजी येव्हार. इकणाराचं नाव सांगावं लागंल." आता आली पंचाईत, नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं. आक्कांनी मान खाली घातली आणि उखाणा घेतला:

"दोन चाकं, एक घंटी, मधी बसायला जागा,
सर्जेरावांची सायकल घेते, किंमत तेवढी सांगा."

किंमत सांगायची तर नवरा-बायकोनं मोठ्यांच्या देखत एकमेकांशी बोलायचं कसं, हा दुसरा प्रश्न. तो मामांनी आपल्या धंद्यातल्या रीतीनं सोडवला. बैलबाजारात दलाल टॉवेलाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. ना बोलणं, ना ऐकणं. मामांनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. आक्का बाहेर आल्या, दोघांनी टॉवेलाखाली हात घातले, आणि भाव सुरू झाला.

तो भाव काही संपेना. मामा घडीभर ताठ उभे राहिले, मग आढ्याकडे बघायला लागले. भाऊजींच्या मिशा हलत होत्या. आक्कांची मान खाली, पण कान लाल झाले होते. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं, की आपण दिवसाढवळ्या, सासूसमोर, या दोघांना हातात हात घेऊन उभं केलं आहे.

"आता पुरं," आत्याबाई म्हणाल्या. "बैलजोडी घेतीया का सायकल?"

किंमत काय ठरली ते त्या दोघांनाच माहीत. भाऊजी एवढंच म्हणाले, "मंजूर. हप्त्यानं." त्याच संध्याकाळी आक्कांनी गंजीकडे न जाता गावाला एक फेरी मारली. त्यानंतर दर सुट्टीला हप्ता द्यायचा दिवस ठरलेला असे, आणि त्या दिवशी भाऊजी स्वतः टॉवेल शोधत फिरायचे.

मला सायकल आक्कांनी शिकवली. दुपारी पुरुषमंडळी झोपली, की खळ्यावर न्यायच्या. मी एका हातानं हँडल धरायची आणि दुसऱ्या हातानं पदर सावरायची, की पडायची. "दोन्ही हात हँडलाला," आक्का ओरडायच्या. "पदराला तिसरा हात मागवावा लागंल." मी पडून रडले, की त्या म्हणायच्या, "रडून घे, पर सायकल आडवी ठिवू नगंस. तिला काय लागलंय का बघ आधी." शेवटी पदर कमरेला खोचला, तेव्हा मला तोल सापडला.

भाऊजींना पेन्शन झाली आणि त्यांना सांगलीला हळदीच्या वखारीत राखणदारीचं काम मिळालं. दोघांचा मुक्काम तिकडे हलला. निघायच्या दिवशी आमच्या घरच्यांनी सायकलीच्या सीटवर हात ठेवला. "वैनी, सांगलीत गर्दी लय. सायकल हितंच ठिवून जावा."

"ठिवते की. पर तुमच्यापाशी न्हाई." आणि त्यांनी मला चुलीपुढून हाक मारली.

"आक्का, तशीच ठेवा, मी सांभाळीन," मी म्हणाले.

"तशीच घेतलीस तर माझीच ऱ्हाईल. मग आत्याबाई म्हणतील, थोरल्या जावंच्या वस्तूला पाय लागतोय. इकत घे."

टॉवेल नव्हता. त्यांनी आपला पदर पुढे केला, मी खाली हात घातला. मी जन्मात कशाचा भाव केला नव्हता. त्यांनी माझी चार बोटं दाबली. मी इतकी घाबरले, की उलट पाच दाबली.

"अगं बाई," आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "घेणाऱ्यानं भाव उतरवायचा असतो. सोड, चारच." बाहेर आमचे घरचे विचारत होते, केवढ्याला गेली. कुणी सांगितलं नाही.

मग दूध माझ्याकडे आलं, आणि रहिमतपूरचा रस्ताही. मी, जी दारात पाहुणा आला तर आत पळायची, ती डेअरीत मापावरून भांडायला शिकले. दुधाच्या पैशातून थोडे थोडे बाजूला ठेवायची आणि साठले, की एसटीनं सांगलीला जाऊन द्यायची. आक्का तिथे वखारीत हळद निवडायला जायच्या. पोहोचले, की आधी विचारायच्या, "ब्रेक बघितलेस का?" तब्येतीचं नंतर.

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा त्या वखारीच्या ओट्यावर बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे. भाऊजी खुर्चीत टॉवेल तोंडावर घेऊन झोपले होते. मी पैसे द्यायला लागले, तर आक्कांनी मान हलवली आणि पदर पुढे केला. मी पदराखालून पैसे दिले. त्यांनी ते तिथेच चाचपून मोजले.

"धाकले भाऊजी मागत्यात का सायकल?"

"मागतात."

"मग?"

"काम नसलं तर देते. विचारून नेतात."

आक्कांनी पैसे दुसऱ्या हातात घेतले आणि पदराखाली माझी चार बोटं एकदा घट्ट दाबली. परतताना चाचांच्या दुकानी ठेवलेली सायकल घेतली, तेव्हाही माझ्या बोटांवर हळद होती. ती हँडलाला लागली आणि मी पुसली नाही.

"फिटलं," आक्का म्हणाल्या होत्या. "सगळं फिटलं. आता तुझी."