नंबरांच्या शहरातली मोकळी जागा

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा माझी पोरगी शाळेत होती. पुढं ती पुण्याला चित्रकला शिकायला गेली, आणि एका उन्हाळ्यात कागदांची गुंडाळी घेऊन नव्या वसाहतीतल्या घरी आली.

"आबा, चित्रांची कादंबरी काढतेय. पुढच्या काळातली. सगळ्या माणसांना एका शहरात कोंडलंय. दारांना नावं नाहीत, नुसते नंबर."

मी पानं पाहिली. उंच इमारती, उडत्या गाड्या, पहाऱ्याला यंत्रं. भीती काही वाटेना.

"ही माणसं कुठली?"

"कुठलीच नाहीत, आबा."

"मग कोंडली काय न् सोडली काय, आपल्याला काय त्याचं?"

रुसली. हट्टी आहे, माझ्यावर गेली. पण डोळे उघडे ठेवून होती. वसाहतीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, तेव्हा जुना शेजार पार विस्कटला. तरी तिची आई विरजण संपलं की लगतचं दार सोडून, वाटी घेऊन दुसऱ्या टोकाला जुन्या आळीतल्या शेजारणीकडंच जायची. सगळ्याच बायका अशा आपापल्या जुन्या शेजारणीकडं जायच्या. मला त्यात नवल वाटलं नव्हतं. पोरीनं ते चित्रातल्या शहरात घातलं: नंबरांच्या रांगेतून एक बाई पदराखाली वाटी झाकून चाललीय, आणि वरून यंत्राचा उजेड तिला शोधतोय.

ते पान मी उजेडाला धरून पुन्हा पाहिलं. उडत्या गाड्यांनी वाटली नव्हती ती भीती त्या वाटीनं वाटली.

"आता आपली गावातली आळी ओळीनं सांगा," पोरगी म्हणाली. "ह्या चित्रातल्या लोकांना घरांची जुनी ओळ पाठ आहे. ती विसरले की संपले."

मी वडापासून भरभर सांगत आलो आणि आपल्याच घरापाशी अडकलो. शेजारच्या वहिनींची न् आमची भिंत लागून नव्हती, एवढं पक्कं. मधे काय होतं?

"राहू द्या, कुणाचंही घर काढते."

"कुणाचंही? खबरदार!"

सकाळच्या एसटीनं पेठ गाव गाठलं. वहिनी तिथं लेकाकडं राहायच्या.

"या पावणं! पावणंच झालात की आता."

"वहिनी, तुमच्या न् आमच्या मधी कुणाचं घर व्हतं?"

त्या हसायलाच लागल्या. "अवो भाऊ, घर कुठलं? मोकळी जागा व्हती. तुमचं बैल तिथं बांधायचं न् माज्या वाळवणात त्वांड घालायचं. लई भांडलो की आपण, जागा कुणाची म्हनून!"

"मग कुणाची ठरली?"

"ठरतीया कशाची? तवर पाणी आलं."

वहिनींनी पुढं ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

घरी येऊन सांगितलं. पोरीच्या शहरात बोटभर जागा रिकामी नव्हती. तिनं दोन दारांमधला नंबर खोडरबरानं पुसला.

"इथं बैल काढू?"

"नको. काईच नको."

तेवढा कागद तिनं कोरा ठेवला. म्हणाली, ह्या जागेला यंत्रांना नंबर देता येणार नाही, आणि तिथं काय होतं हे फक्त दोन म्हातारी माणसं जाणतात.

दिवस मावळेपर्यंत ते पान मी कुणाला हलवू दिलं नाही.