कुठला कोपरा खरा?

शिवलीला कॉम्प्युटर सुरू करायची आणि माउसला हात लावायच्या आधी विचारायची, “कुठला कोपरा खरा?” प्लॉट अक्कलकोट रोडचा असो की चिंचोळी एमआयडीसीतला, प्रश्न तोच. मग सर्व्हेअरला फोन लावून हद्दीच्या एका दगडाचे आकडे त्याच्याकडून वदवून घ्यायची आणि ते जुळल्याशिवाय एक रेघ मारायची नाही. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आली त्या दिवशीच तिने हे केलं, आणि त्याच दिवशी ती माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

सलायला लागली म्हणजे काय, जळत होते मी! उगाच गोड बोलून काय उपयोग? ऑफिस सुरू झालं तेव्हापासून मी सरांबरोबर. प्रोजेक्ट हेडसाठी म्हणून सरांनी एक केबिन रिकामी ठेवली होती. ती माझीच, असं मी मनात पक्कं धरून बसले होते. आणि ही बाई आली. उंच, हसरी, अक्कलकोटकडची. घरी कन्नड, बाहेर मराठी. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दुपारी सगळे तिच्या टेबलाभोवती. माझ्या गवारीच्या भाजीला कुणी विचारायचं नाही.

तिचा प्रश्न समजायचा तर आमची पद्धत सांगायला हवी. सर्व्हेअर जमिनीचा प्रत्येक कोपरा आकड्यांत मोजून देतो, आणि ते आकडे लाखांत असतात. आमच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधली इमारत मात्र शून्य आकड्यावर उभी. दोन्ही एका फाइलमध्ये आणले की इमारत इथे आणि जमीन कुठल्या कुठे. स्क्रीनवर नुसते दोन ठिपके. मग आम्ही जमिनीचा नकाशा धरून ओढायचो, थोडा फिरवायचो आणि इमारतीखाली सरकवून द्यायचो. डोळ्यांना बरं दिसलं की झालं. यात माझा हात ऑफिसात कोणी धरू शकत नव्हतं.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिवलीला खुर्चीतून उठलीच. “ताई, जमीन कशाला ओढायलाव? ती हाय तितंच ऱ्हाती की. घराला उठवा.”

“छापल्यावर कुणाला कळतंय?” मी म्हटलं.

“छापल्यावर न्हाई कळत, खणल्यावर कळतंय,” असं म्हणून तिने वर माझ्यापुढे चटणीची डबी सरकवली. चटणी चांगली होती, मेली!

चिंचोळीच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा सरांनी सांगून टाकलं, हे जी नीट मार्गी लावेल तिची केबिन. साइट प्लॅन माझ्याकडे, आतली मांडणी शिवलीलाकडे. पहिल्या मीटिंगला स्ट्रक्चरवाल्यांचं, रस्ते-गटारवाल्यांचं आणि आमचं ड्रॉइंग एकावर एक ठेवलं. अगं बाई! कारखान्याचं गेट शेजारच्याच्या शेडमध्ये आणि गटार थेट मालकांच्या ऑफिसातून. जमीन प्रत्येकाने आपापल्या सोयीने ओढली होती. मालक मंद्रूपकडचे, कन्नड बोलणारे. मी त्यांना उत्तर दिशा, मॉडेल, कोऑर्डिनेट्स असं काय काय समजावत राहिले आणि ते घड्याळ बघत राहिले.

शिवलीलाने त्यांना “बर्री” म्हणत स्क्रीनजवळ बोलावलं. पुढचं सगळं कन्नडात. बोलता बोलता तिने सर्व्हेचा नकाशा मूळ जागी परत नेला, ईशान्येच्या दगडाचे आकडे धरले, अख्खी इमारत उचलून तिथे नेली आणि जमिनीप्रमाणे तिरकी केली. मग बाकीच्यांना म्हणाली, “आता हितलेच आकडे घ्या, हातानं काई सरकवू नका.” तिन्ही ड्रॉइंग जागच्या जागी बसली. मालक खुलले, काहीतरी बोलले. ते मला समजलं नाही. सर तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ते समजायला मात्र कन्नड लागत नव्हतं.

केबिन गेली. घरी जाऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, “अगं, मग शिकून घे की तिच्याकडून.” त्याच्याशीही अबोला धरला. पण शिकले. विचारणार थोडीच होते? पाणी प्यायचं निमित्त करून तिच्या पाठीमागे उभी राहायची आणि ती काय करते ते टिपून घ्यायची. पाणी इतकं प्यायले त्या दिवसांत की विचारू नका.

आणि नशीब बघा, शिवलीलाला बंगळुरूची नोकरी लागली. केबिन माझ्याकडे आली. निरोपाला मी स्वतः पेढे आणले, तिला साडी दिली, गळ्यातही पडले. इतकं मनापासून मी तिच्याशी कधीच वागले नव्हते. तीही डोळे पुसत गेली.

दुसऱ्या दिवशी किल्ली हातात देताना सर म्हणाले, “खरं सांगू? मी पुण्याहून माणूस आणणार होतो. शिवलीला अडून बसली. म्हणाली, ‘ताईंनाच द्या. माझ्या मागं थांबून सगळं शिकल्यात त्या. त्यांना दिसावं म्हणून मी मुद्दाम सावकाश करायची की.’”

आता बोला! केबिन मिळाली तीही तिच्या शब्दावर, आणि मी चोरून शिकले म्हणत होते तेही तिनेच शिकवलेलं. चिडायला तरी माणसाने काही शिल्लक ठेवावं की नाही? पूर्वी मला तिच्या कामाचा हेवा वाटायचा. आता तिच्या मनाचाही वाटतो, आणि ते काही पाठीमागे उभं राहून शिकता येत नाही.