मावशीचे मास्तर

आमच्या काकांइतका, म्हणजे मावशीच्या यजमानांइतका, हट्टी माणूस दहिसरपासून अंधेरीपर्यंत शोधूनही सापडला नसता. बोरिवलीच्या एका शाळेत ते पीटीचे मास्तर होते आणि जगातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ वाकडं उभं राहण्यात आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. लग्नाच्या पंगतीतही ते शेजारच्याची पाठ बोटानं सरळ करत. चाळीतल्या मांजरानं आळस दिला, तरी "शाब्बास, अजून ताण" म्हणत.

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी मावशी जिन्यावरून पडली. डोक्याला मार बसला. घरी आणली तेव्हा तिची उजवी बाजू लुळी होती, बोलणं गेलं होतं. अंधाऱ्या खोलीत शांत पडू द्या, असं जो तो सांगत होता. काकांनी दुसऱ्याच दिवशी पडदे काढून टाकले. "रिकाम्या खोलीत मेंदूला झोपण्याशिवाय काम काय?" मग रोज खाट नव्या जागी, भिंतीवर नवी चित्रं. सकाळी तिच्या नाकाखाली सुके बोंबील, दुपारी मोगरा. हातात कधी पॉलिशपेपर, कधी मखमल, एकदा तर जिवंत कोंबडी. गॅलरीत दोरखंड बांधून "एक-दोन, एक-दोन" करत ते तिला चालवत. आम्ही तोंड लपवून हसायचो. पण सहा महिन्यांत मावशी चालू लागली, बोलू लागली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी गेले होते. काका खिडकीशी कपडे वाळत घालत होते. मावशीनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि अगदी शहाण्या, शांत आवाजात विचारलं, "हा माणूस कोण गं?"

"काका ना."

"दिसतो तसाच. हनुवटीवरचा तीळसुद्धा बरोबर जागी बसवलाय. पण हे ते नव्हेत."

मी वळून पाहिलं. काका माझ्याकडे बघून हसले आणि, खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तो तीळ किंचित खाली सरकल्यासारखा वाटला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की कधीकधी असं होतं. चेहरा ओळखू येतो, पण माणूस आपला वाटत नाही. काकांनी वाद घातला नाही. "मी मास्तर. तुमच्या यजमानांनी व्यायाम शिकवायला पाठवलंय," असं त्यांनी तिला सांगितलं, आपली वळकटी गॅलरीत टाकली आणि तीस वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या बायकोला 'वहिनी' म्हणू लागले.

एकदा ते दाराबाहेरून "दूध आलंय गं" म्हणाले, तर आतून मावशी आनंदानं ओरडली, "अहो, कुठे होतात इतके दिवस?" चेहरा दिसला नाही, की तोच आवाज तिला नवऱ्याचा वाटे. मग रोज संध्याकाळी पाच वाजता मास्तर निरोप घेत, चपला घालून बाहेर पडत, दार लोटून घेत आणि दाराआड उभं राहून नवरा होत. मावशी बंद दाराशी लाजत बोलायची, मास्तरांच्या तक्रारी सांगायची: "फार राबवतात हो. आणि गॅलरीत घोरतात." दाराच्या फटीखाली दोन पावलांची सावली हलायची. त्या पाच मिनिटांत मला तिथे बसवत नसे.

पुढे एक दिवस मावशी एकटी जिना उतरून परत चढून आली. त्या संध्याकाळी दाराआडून काकांनी विचारलं, "मी आता कायमचा घरी येऊ का?"

मावशीनं गॅलरीतल्या वळकटीकडे पाहिलं.

"एवढ्यात नको," ती हळूच म्हणाली. "मास्तरांना वाईट वाटेल. त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही हो."

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. मग कडी वाजली. "येऊ का वहिनी?" म्हणत काका आत आले, आणि मावशीनं त्यांच्यासाठी पाट मांडला.