पेशंट नसलेल्या मुलीला भेटायला

"मॅडम, मोसंबीची चौथी पिशवी आली. आता तुम्हीच काहीतरी करा," वैष्णवीचे वडील फोनवर म्हणाले. आवाज रडवेला होता. वैष्णवीला काहीही झालेलं नव्हतं. तिला कॅन्सर झाल्याचं मात्र गारखेड्यापासून शहागंजपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं. आणि त्याला कारण मी होते.

मी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर होते. डॉक्टर गाठ बघतात. गाठीमुळे घरात जे काही सुरू होतं, ते आमच्याकडे येतं. योजनेचे फॉर्म, प्रवासाची सवलत, रुसलेला जावई, सगळं. कॉलेजांमध्ये जाऊन मुलांना हे समजावून सांगणं हेही माझंच काम. वीस वर्षं मी स्लाइड दाखवल्या. वीस वर्षं मुलं मागच्या बाकावर झोपली.

एका वर्षी मी वैतागले आणि स्लाइड बंद केल्या. मुलांना सांगितलं, एकाने पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी नातेवाईक म्हणून भेटायला यायचं. वैष्णवी ही सेकंड इयरची धीट मुलगी पुढे आली. तिने ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि दोन बाकं जोडून आडवी झाली. मग नातेवाईक असे काही सुरू झाले की मी थक्क झाले.

"अगं, लई वाळली!"

"आमच्या मामाच्या साडूला हेच झालं होतं. सहा महिन्यांत गेला."

"गव्हांकुराचा रस घे. डॉक्टरला सांगू नको."

अर्ध्या तासाने मी विचारलं, "तुमच्यापैकी एकाने तरी तिला विचारलं का, बाई, तुला काय खावंसं वाटतं?" एकानेही विचारलं नव्हतं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. त्या खुशीतच वैष्णवीच्या मोबाइलवर ती आडवी पडलेली असतानाचा फोटो काढून दिला. तो तिने स्टेटसला टाकला आणि वर लिहिलं, 'आज मी कॅन्सर पेशंट. खूप शिकले.' नातेवाइकांनी दुसरं वाक्य वाचलंच नाही.

वडील सरकारी ऑफिसात क्लार्क. साधा माणूस. त्यांनी एकेकाला फोन करून सांगितलं, "काही नाही हो, पोरगी ठणठणीत आहे." घोटाळा इथंच वाढला. ज्या घरात खरंच कॅन्सर असतो, तिथंही लोक हेच सांगतात. आत्याने तर "बरोबर आहे, असंच सांगायचं" म्हणून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शेजारणीने लागण होईल या भीतीने भाजीची वाटी परत घेतली नाही. "राहू द्या तुमच्याकडंच," म्हणाली.

इथपर्यंतही मी हसले असते. पण वैष्णवीच्या मोठ्या बहिणीचं, पल्लवीचं लग्न पुंडलिकनगरच्या एका घरी ठरलं होतं. साखरपुडा त्याच रविवारी होता. मुलाकडून फोन आला, "आम्ही भेटायला येतो." धाकटीला कॅन्सर आहे म्हटल्यावर मोठीचं जमलेलं मोडतं, हे मी नोकरीत कितीदा पाहिलं होतं. या वेळी ते मी काढलेल्या एका फोटोमुळे मोडणार होतं.

मी आमच्या डॉक्टरसाहेबांकडे गेले.

"सर, वैष्णवीला कॅन्सर नाही असं सर्टिफिकेट द्या."

"ती आपली पेशंट आहे का?"

"नाही. तेच तर लिहायचंय."

"पेशंट नसेल तर सर्टिफिकेट कशावर देऊ? आधी केस पेपर काढा."

"सर, केस पेपर काढला की तिचं नाव कॅन्सरच्या ओपीडीत लागेल!"

"मग तुम्ही स्वतः जाऊन सांगा. आणि मॅडम, यापुढं स्लाइडच दाखवा."

गेले. वैष्णवीच्या घरी मुलाचे आईवडील आधीच येऊन बसले होते. वैष्णवीच्या वडिलांनी माझी ओळख करून दिली, "ह्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मॅडम." मुलाच्या वडिलांनी हातातला कप खाली ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरात कॅन्सर आहे, याचा माझ्याइतका सज्जड पुरावा दुसरा नव्हता.

मग मी मुलाच्या आईकडे पाहिलं. त्या माझ्या जुन्या पेशंट होत्या. आमच्या कामात एक नियम आहे. पेशंट बाहेर भेटला तर आपण ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच. म्हणून त्यांचं नाव मी इथंही सांगत नाही. त्यांनी मला ओळखलं होतं. मुलीकडच्यांनी आपली चौकशी करायला हिला बोलावलंय, असंच त्यांना वाटलं असणार. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची चतुर्थी शोधत बसले.

"पोरीला काय नाय हो!" वैष्णवीचे वडील घायकुतीला आले होते. त्यांनी वैष्णवीला पुढे ओढलं आणि तिची वेणी हातात धरली. "हे बघा केस! कॅन्सर असता तर राह्यले असते का?"

"केसांचं काय सांगू नका, भाऊ," मुलाच्या आई म्हणाल्या. "जातात, परत येतात. माझे आले की."

मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली. "साखरपुड्यानंतर सांगणार होतो आम्ही. आमचे लोक सांगू देईनात. म्हणले, पोराचं जमणार नाय."

"मी म्हणत होते, आधीच सांगू," आई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही ओळखबी दाखवली नाय."

"नियम आहे, ताई."

"लई कडक नियम हाय तुमचा. माझा जीव गेला असता ना इथंच."

कुणी हसलं नाही. सगळे वैष्णवीच्या वडिलांकडे बघत होते. लग्न ठेवायचं की मोडायचं, हे आता त्यांच्या हातात होतं. पल्लवी दाराची चौकट धरून उभी होती. वैष्णवीच्या वडिलांनी कोपऱ्यातल्या मोसंबीच्या पिशव्यांकडे पाहिलं.

"आमच्या पोरीला काय झालं नसताना लोकांनी आठवड्यात जीव नकोसा केला," ते म्हणाले. "तुम्ही तर खरंखुरं भोगलं, ताई. रविवारी ठरल्या वेळेला या."

मुलाच्या आईने डोळ्याला पदर लावला. माझेही डोळे भरून आले; नियमबियम राहिला बाजूला. वैष्णवी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, तुम्हाला काय खावं वाटतं? खरं सांगा. मोसंबी सोडून."

त्या रडता रडता हसल्या. "भजे. मिरचीचे. आजारी पडल्यापासून मला कुणी हे विचारलंच नाय बघ."

वैष्णवीला त्या आठवड्यात जे कळलं, ते माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं. तरी हा प्रयोग पुन्हा कुणी करू नये, असं मी स्वतःच ऑफिसला लेखी कळवलं. लग्नात विहीणबाईंच्या ताटात वैष्णवी मिरचीचे भजे वाढत होती. फोटोग्राफर माझ्याकडे वळला, तेव्हा मी आधी डोक्यावरचा पदर खाली घेतला; फोटो बघून पुन्हा कुणी मोसंबी घेऊन यायला नको.