साहेबांची डिजिटल डायरी

मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, "या डॉक्टर." आणि आतून आवाज आला, "डॉक्टर कसली? मसाजवाली आहे ती."

हे साहेब, आणि दार उघडणाऱ्या त्यांच्या पत्नी, काकू. साहेब कुठल्याशा मोठ्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पॅरालिसिसचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी सावरला होता. बोलणं तर पूर्ण सावरलं होतं, दुर्दैवाने. राहिला होता उजवा हात. मी फिजिओथेरपिस्ट. मी ज्या सेंटरमध्ये नोकरी करते ते आम्हाला पेशंटच्या घरी पाठवतं. घाटकोपर ते मुलुंड हा माझा पट्टा, राहायला चेंबूरला, आईबरोबर.

मी त्यांना काका म्हटलं. सगळ्याच वयस्कर पेशंटना म्हणते. ते म्हणाले, "साहेब म्हणायचं. काका कोणाचा मी?"

मी त्यांचं मनगट तपासायला घेतलं, तर ते माझी तपासणी करू लागले. "आडनावावरून काही कळत नाही तुझ्या. गाव कुठलं?"

"अकोल्याकडचं."

"गावात घर कुठल्या बाजूला?"

"तुम्हाला वाटतंय त्याच बाजूला," मी म्हणाले. "आता मूठ उघडा."

मूठ उघडली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझा चहा कागदी कपात यायला लागला. त्या दोघांचा चिनी मातीच्या. काकू कप ठेवताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. मी चहा प्यायचे, कारण चहा चांगला असायचा आणि पुढे भांडुपचा पेशंट असायचा. त्या माणसाची मला एकदाही कीव आली नाही. कॉलेजात मला हात उघडायला शिकवलं होतं, कीव करायला कोणी शिकवलं नव्हतं.

व्यायाम म्हणजे तर रोजचा तमाशा. मळायला क्ले दिली तर, "हे बालवाडीत चालतं." कपड्यांचे चिमटे लावायला दिले तर, "कपडे वाळत घालायला आमच्याकडे बाई आहे." रबरी बॉल दाबायला दिला की मुद्दाम सोडून द्यायचे, मग तो सोफ्याखाली जायचा आणि काकू गुडघे धरत वाकायच्या. एकदा मी मध्ये पडले. "काकू, तुम्ही उचलू नका. ज्यांनी टाकला ते उचलतील." साहेबांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हाही बॉल सोफ्याखालीच होता.

मग ती डायरी निघाली. काकू मोबाइलमध्ये गॅसवाल्याचा नंबर शोधत होत्या आणि त्यांना तो सापडत नव्हता. साहेब मला म्हणाले, "मोबाइल आता शेंबडी पोरंही वापरतात. तुझ्या शाळेत कॉम्प्युटर यायच्या आधी माझ्या खिशात कॉम्प्युटर होता. आण गं ती माझी डिजिटल डायरी, बघू दे हिला."

काकूंनी ती कपाटाच्या लॉकरमधून काढली, दागिन्यांच्या डब्यांमागून. चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी, काळी, चामड्याच्या पाकिटात. झाकण उघडलं की वरच्या भागात राखाडी पट्टी, म्हणजे स्क्रीन, आणि खाली अख्खा इंग्रजी कीबोर्ड. बटणं तूरडाळीच्या दाण्याएवढी. साहेबांनी ती सिंगापूरहून आणली होती. मीटिंगमध्ये ते ती टेबलावर उघडून ठेवायचे आणि मिटेपर्यंत कोणाची बोलायची हिंमत व्हायची नाही, असं त्यांनी सांगितलं. मला ते खरं वाटलं. एका डबीपुढे गप्प बसणारी माणसं असतात, आणि त्यांना गप्प बसवण्यात धन्यता मानणारीही.

काकूंनी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून तिच्यात घातले. डायरी सुरू झाली. आत काहीच नव्हतं. एक नंबर नाही, एक नाव नाही.

"पुसलंस तू सगळं," साहेब बायकोला म्हणाले.

काकू चामड्याचं पाकीट उलटसुलट करून बघू लागल्या. आपण खरंच पुसलं असेल का, असा विचार करत असल्यासारख्या.

"काकूंनी काही केलेलं नाही," मी म्हणाले. "इतकी वर्षं बंद पडून होती. आतली बॅटरी संपली की सगळं जातं."

"तू गप्प बस." मग ते आत कोण कोण होतं ते सांगायला लागले. डायरेक्टर, सेक्रेटरी, कुठल्या मंत्र्याचा पीए. मी त्या घरात येत होते तेव्हापासून कामवाली आणि इस्त्रीवाला सोडून कोणी त्या दारात आलेलं मी पाहिलं नव्हतं. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही.

पण हसताना माझं लक्ष त्या डबीकडे होतं. झाकण उघडायला दोन्ही हात लागत होते. बटणं इतकी बारीक, इतकी जवळजवळ, की एकच बोट सुटं करून नेमकं दाबावं लागणार. साहेबांची बोटं तर एकत्र बांधल्यासारखी हलायची. मी डायरी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "तुमचं नाव टाइप करा."

त्यांनी बोट टेकवलं तर शेजारची सगळी बटणं एकदम दाबली गेली. स्क्रीनवर नुसता कचरा. त्यांनी झाकण आपटलं.

"तुझी तक्रार करणार आहे मी सेंटरकडे. लेखी."

"करा ना. ह्यावरच करा," मी म्हणाले. "फक्त उजव्या हाताने."

मला वाटलं होतं, विषय तिथे संपेल. पण पुढच्या वेळी गेले तर डायरी समोर उघडी होती आणि साहेब दात आवळून पहिल्या शब्दात अडकले होते. क्लेसाठी, चिमट्यांसाठी, स्वतःच्या हाताने घास घेता यावा म्हणून जो माणूस बोट हलवायला तयार नव्हता, तो माझी नोकरी घालवण्यासाठी घाम गाळत होता. मी शेजारी खुर्ची ओढली.

"मनगट टेकवू नका. तक्रार ताठ बसून लिहा."

मी नसताना ते डाव्या हाताने लिहायचे. ते लगेच कळायचं, एकही चूक नसायची. मी त्या ओळी पुसून टाकायचे. "डाव्या हाताची तक्रार आम्ही घेत नाही." ते लालबुंद व्हायचे आणि तेच वाक्य उजव्या हाताने पुन्हा टाइप करायचे. एक वाक्य असं होतं, की ह्या बाईला आपली पायरी कळत नाही. इंग्रजीत होतं, इंग्रजी चांगलं होतं. मी वाचलं आणि म्हणाले, "वाक्य संपलं, टिंब राहिलं. ते बटण त्या टोकाला आहे, तिथपर्यंत हात न्या." त्यांनी हात नेला. खांद्यापासून थरथरत नेला, पण नेला.

काकू आता स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसायला लागल्या होत्या. एकदा विचारलं त्यांनी, "आज कुठपर्यंत आलं?" अगदी सीरियलचं विचारावं तसं.

तक्रार पूर्ण झाली तेव्हा साहेबांची सगळी बोटं सुटी झाली होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ती पाठवायची सोयच नाही. डायरीला जोडायची वायर कधीच हरवली होती आणि असती तरी आजच्या कुठल्या कॉम्प्युटरने तिला ओळख दिली नसती. त्यांना तसं मान खाली घालून बसलेलं बघून कोणालाही वाईट वाटलं असतं. मला नाही वाटलं.

"पेनाने उतरवून काढा," मी म्हणाले. "जाड पेन घ्या, धरायला सोपं जातं."

त्यांनी उतरवून काढली. अक्षरं वाकडी होती, वाचता येत होती. काकूंनी पाकीट सेंटरला पोहोचवलं.

सेंटरच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे त्यांनी स्वतः लिहिलंय? उजव्या हाताने?"

"हो."

"झकास रिकव्हरी आहे गं." त्यांनी तो कागद साहेबांच्या फाइलला, प्रगतीच्या रिपोर्टमागे लावला. मग म्हणाल्या, "उद्यापासून तिथे दुसऱ्या कोणाला तरी पाठवते. क्लायंट आहे ना यार, कशाला वाढवायचं?"

"मी काय चुकीचं केलं?"

"काहीच नाही. म्हणून तर नुसतं बदलतेय."

साहेबांकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती, त्यामुळे त्यांचा राग आला नाही. मॅडमचा आला. अजून आहे. अजून मी तिथेच नोकरी करते आणि मॅडम कोणाच्याही वाढदिवसाला केक कापायला बोलावतात तेव्हा मला हमखास एखादा पेशंट असतो.

पुढे एकदा काकूंचा फोन आला. मुलुंडच्या भाजी मार्केटबाहेर भेटल्या आणि पिशवीतून ती डायरी काढून माझ्या हातात दिली. "त्यांनी आता मोठा टॅब घेतलाय. भेटेल त्याला सांगतात, डायरीवर टाइप करून माझा हात मीच बरा केला. तू घेऊन जा."

"त्यांनी मागितली तर?"

"सांगेन हरवली म्हणून. नाहीतरी सगळं मीच हरवते," त्या म्हणाल्या आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला वळल्या. त्या घरातलं मला आवडलेलं हे एकच वाक्य.

तेव्हापासून ती माझ्या बॅगेत असते. डायरी म्हणून अगदी भिकार वस्तू आहे. तिला मराठी येत नाही. उन्हात स्क्रीन दिसत नाही. सेल बदलायला उशीर झाला तर आठवड्याच्या सगळ्या अपॉइंटमेंट गिळून बसते, आणि मला पेशंटना फोन करून विचारावं लागतं, मी तुमच्याकडे कधी येणार होते? ज्या काळी हिच्यापुढे माणसं गप्प बसत, त्या काळाबद्दलही माझं फार चांगलं मत नाही. पण बोटांना चांगली आहे. घाटकोपरला एक आजी आहेत, झटक्यातून उठलेल्या, बँकेत क्लार्क होत्या. त्या तिच्यावर सुनेबद्दल लिहितात. मी वाचत नाही, फक्त मनगट बघते.

साहेब मला परवा दिसले, मुलुंडच्या सिग्नलला. एका रिक्षावाल्याला झापत होते. त्याची चूक काय होती कोण जाणे, तो बिचारा हँडलवर हात ठेवून ऐकत होता. साहेबांचा उजवा हात त्याच्या तोंडासमोर नाचत होता, तर्जनी पूर्ण सरळ, बाकीची बोटं व्यवस्थित मिटलेली, मनगट स्थिर. असा रिझल्ट फार थोड्या पेशंटमध्ये मिळतो. सिग्नल सुटला तशी मी रस्ता ओलांडला.